पितरांचा नाच, सगळ्यांचा फेर: जपानची बोन ओदोरी समजून घेताना

२०२२ च्या जूनमध्ये मलेशियात एका नाचावरून वाद पेटला. क्वालालंपूरजवळच्या शाह आलम शहरात तिथले जपानी रहिवासी दरवर्षी ‘बोन ओदोरी’ नावाचा उत्सव भरवतात. तेव्हाचे धार्मिक व्यवहार मंत्री इद्रिस अहमद यांनी सांगितलं, की या उत्सवात दुसऱ्या धर्माचे अंश आहेत, तेव्हा मुस्लिमांनी तिकडे जाऊ नये. सेलांगोर राज्याच्या सुलतानांनी मात्र उत्सव थांबवायचा नाही असा आदेश दिला, आणि मंत्र्यांनी स्वतः तिथे जाऊन धर्म आणि संस्कृती यांतला फरक बघावा असंही सुचवलं. जुलैत उत्सव झाला तेव्हा जवळपास ५० हजार माणसं लोटली. त्यात जपानी थोडे, मलेशियातलेच लोक जास्त.

बोन ओदोरी हा मूळचा पितरांसाठीचा नाच. जपानच्या गावागावांतला, गल्लीबोळांतला. मग तो मलेशियातल्या मैदानावर, हवाईच्या देवळांसमोर आणि ब्राझीलच्या शहरांत कसा पोचला? परक्या लोकांनाही त्यात शिरावंसं का वाटतं? तो नाचणं म्हणजे दुसऱ्याचा धर्म पाळणं होतं का? हे सगळे प्रश्न रास्त आहेत. ते सोडवायला आधी जपानी उन्हाळ्यातला तो काळ समजून घ्यायला हवा.

ओबोन: पितर घरी येतात ते दिवस

ओबोन, किंवा नुसतं बोन, हा पितरांना घरी बोलावण्याचा काळ. आपल्याला पितृपक्ष आठवेल आणि ते साहजिक आहे, पण ओबोनचं वातावरण सुट्टीचं, भेटीगाठींचं असतं. शहरात कामाला गेलेली मुलं गावी येतात, बुलेट ट्रेन तुडुंब भरतात, महामार्गांवर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागतात. घरातली माणसं मिळून कबरी धुतात, फुलं वाहतात. पहिल्या संध्याकाळी दाराशी छोटा जाळ करतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. शेवटच्या संध्याकाळी निरोपाचा जाळ. क्योतोत १६ ऑगस्टच्या रात्री पाच डोंगरांच्या उतारांवर जे प्रचंड जाळ पेटतात, तेही निरोपाचेच.

काही घरांत काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून ठेवतात. काकडीचा होतो घोडा, वांग्याची होते गाय. पितरांनी घोड्यावर बसून झटपट यावं आणि परत जाताना गाईवरून रेंगाळत जावं, ही त्यामागची इच्छा. ओबोनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन. भीती, अशौच, धास्ती असं काही यात नाही. पाहुणा थोडा जास्त थांबावा एवढीच माया आहे.

तारखांचा थोडा घोळ आहे. मूळ तिथी चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याची पौर्णिमा. जपानने १८७३ मध्ये पाश्चात्त्य कॅलेंडर स्वीकारलं तेव्हा तोक्योसारख्या ठिकाणी ओबोन नव्या सातव्या महिन्यात, म्हणजे १३ ते १६ जुलैला आला. बाकी बहुतेक देशाने तो महिनाभर पुढे ढकलून १३ ते १६ ऑगस्ट असा ठेवला. ओकिनावात अजूनही जुन्या पंचांगानेच चालतं.

एका भिक्षूची गोष्ट आणि नाचाची सुरुवात

ओबोनमागची कथा थेट आपल्याकडच्या माणसाची आहे. बुद्धाच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक महामौद्गल्यायन, पालीत महामोग्गल्लान. जपानी लोक त्याला मोकुरेन म्हणतात. त्याला दिव्यदृष्टीने दिसलं, की आपली मेलेली आई भुकेल्या प्रेतांच्या योनीत तळमळते आहे. त्याने तिला अन्न दिलं, तर ते तोंडाशी नेताच पेटून उठलं. बुद्धाने उपाय सांगितला: वर्षावास संपतो त्या दिवशी भिक्षुसंघाला दान दे. त्याने ते केलं, आई सुटली, आणि आनंदाच्या भरात तो नाचला असं लोककथा सांगते. महाराष्ट्रातल्या बौद्ध वाचकांना वर्षावास वेगळा समजावून सांगायला नको. पावसाळ्यात भिक्षू एकाच जागी राहतात तोच तीन महिन्यांचा काळ. ज्या सूत्रात ही कथा आहे ते भारतात रचलं गेलं की चीनमध्ये, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तिचे धागे इथूनच गेले.

कथा झाली, तरी प्रत्यक्ष नाचाला जपानी पाय लागले. दहाव्या शतकात कूया नावाचा भिक्षू बाजारात, रस्त्यावर अमिताभ बुद्धाचं नाव घेत फिरायचा. तेराव्या शतकात इप्पेन नावाच्या दुसऱ्या भिक्षूने नामाच्या जोडीला नाच आणला. १२७९ मध्ये शिनानो प्रांतातल्या साकु इथे त्याच्याभोवती जमलेले लोक नाम घेत नाचू लागले. हा नामघोषाचा नाच, ओबोनचे विधी आणि खेडोपाडीची लोकगीतं पुढच्या शतकांत एकमेकांत मिसळत गेली, तीच आजची बोन ओदोरी. गिफू प्रांतातल्या गुजो हाचिमान गावातली तिची परंपरा सुमारे चारशे वर्षांची मानतात. तिथे मध्य जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तीसहून अधिक रात्री नाच चालतो.

मधे एक काळ असाही आला, की सरकारलाच हा नाच नकोसा झाला. मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, जपान घाईघाईने आधुनिक होत होता. रात्री तरुण मुलंमुली एकत्र नाचतात हे नव्या अधिकाऱ्यांना मागास आणि अनैतिक वाटलं, आणि अनेक प्रांतांनी बोन ओदोरीवर बंदी घातली. ती टिकली नाही. परंपरा म्हणजे अखंड वाहत आलेली नदी, असं आपण सहज म्हणून जातो. इथे तसं नाही. हा नाच कधी दडपला गेला, कधी विसरला गेला, कधी मुद्दाम पुन्हा उभा केला गेला.

फेर कसा असतो

मैदानाच्या मधोमध लाकडी माचाण उभारतात, त्याला यागुरा म्हणतात. त्यावर मोठा ढोल, म्हणजे ताइको, आणि तो बडवणारा. यागुऱ्यापासून चारी बाजूंना दोऱ्या ताणून कागदी कंदिलांच्या माळा लावलेल्या असतात. लोक या माचाणाभोवती गोल फिरत नाचतात. आतल्या फेरात सारख्या रंगाचा युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, घातलेल्या जाणत्या बायका असतात. त्यांनी आधी कितीतरी संध्याकाळ सराव केलेला असतो. बाहेरच्या फेरांत बाकी सगळे. आजोबा, शाळकरी पोरं, ऑफिसातून थेट आलेला शर्ट-पँटमधला माणूस, कडेवर मूल घेतलेली आई.

आपल्याकडचा भोंडला डोळ्यांसमोर आणा. पाटावर मधे हत्तीचं चित्र, भोवती हात धरून फेर, सगळ्यांना पाठ असलेली गाणी. नव्याने आलेली मुलगी पहिल्या गाण्याला चाचपडते, तिसऱ्या गाण्याला रुळते, आणि तिला कुणी शिकवायला बसत नाही. बोन ओदोरीत हेच घडतं. फरक इतकाच, की हात धरत नाहीत आणि प्रत्येक गाण्याच्या ठरलेल्या हालचाली असतात.

या हालचाली मुद्दाम सोप्या ठेवलेल्या आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण कोळसा खाणकामगारांच्या गाण्याचं, तान्को बुशी. ते क्यूशू बेटावरच्या फुकुओका प्रांतातल्या खाणींमधून आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर पसरलं. त्यातल्या हालचाली म्हणजे खाणीतलं कामच: फावड्याने खणायचं, पुन्हा खणायचं, पाटी खांद्यावरून मागे टाकायची, कपाळावर हात धरून पाहायचं, ढकलगाडी ढकलायची, मग हात मोकळे करून टाळी. पंधरा-वीस सेकंदांत एक आवर्तन पुरं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. समोरच्या माणसाची पाठ बघत राहिलं की चौथ्या-पाचव्या आवर्तनाला हात आपोआप बरोबर जायला लागतात.

बोन ओदोरी इतकी दूर का पसरली याचं उत्तर माझ्या मते या रचनेत आहे. जपानच्या इतर कला बघा. चहाचा विधी, नोह नाट्य, पुष्परचना. त्या शिकायला वर्षं जातात, गुरू लागतो, आणि बाहेरच्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा प्रेक्षकाची खुर्चीच येते. बोन ओदोरीत खुर्च्या कोपऱ्यात असतात, त्याही थकलेल्यांसाठी. फेराला तोंड नाही आणि शेपूट नाही, त्यामुळे कुठूनही शिरता येतं आणि कुणीच शेवटचा ठरत नाही. चुकलं तर लोकांच्या नजरा तुमच्यावर नसतात, त्या पुढच्याच्या पाठीवर असतात.

हे सगळं करतं कोण?

बाहेरून बघणाऱ्याला कंदील, ढोल आणि युकाता दिसतात. त्यामागे वर्षभर चालणारं रटाळ काम असतं, आणि ते करतात शेजारी. जपानमध्ये जवळपास ३ लाख चोनाइकाइ आहेत. चोनाइकाइ म्हणजे एका वस्तीतल्या घरांची संघटना. महिन्याची थोडी वर्गणी, कचऱ्याच्या जागेची स्वच्छता, भूकंपाचा सराव, आणि घरोघरी फिरणारी सूचनांची फाइल: वाचायची, शिक्का मारायचा, शेजारच्या दाराशी नेऊन द्यायची.

उन्हाळ्यातल्या नाचाची जबाबदारी बहुधा याच मंडळींवर येते. मैदानाची परवानगी घ्यायची. रस्ता अडणार असेल तर पोलिसांची वेगळी. खाद्यपदार्थांचे ठेले असतील तर आरोग्य केंद्राकडे अर्ज, कुठल्या ठेल्यावर काय शिजणार याच्या तपशिलासह. हे नियम उगाच आलेले नाहीत. २००१ मध्ये आकाशी शहरात आतषबाजी बघायला आलेल्या गर्दीत पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले. २०१३ मध्ये फुकुचियामात एका ठेल्यावर इंधनाचा स्फोट होऊन ३ जण दगावले. त्यानंतर अशा ठेल्यांवर अग्निशामक ठेवणं सक्तीचं झालं. म्हणून आता गर्दी कुठून येणार आणि कुठून जाणार याचे नकाशे निवृत्त काका-आजोबा टेबलावर पसरून बसतात.

मग माचाण उभारणं, कंदिलांच्या तारा तपासणं, भागातल्या दुकानदारांकडून देणग्या गोळा करणं. देणगीदारांची नावं फलकावर किंवा कंदिलांवर लिहून सगळ्यांना दिसतील अशी लावतात. महिला मंडळ नाचाचा सराव घेतं, मुलांचं मंडळ बर्फाचा गोळा विकतं, कुणीतरी तव्यावर याकिसोबा, म्हणजे नूडल्स, परततं. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच माणसं पिशव्या घेऊन मैदान झाडतात. एखाद्या दूतावासाने सभागृह भाड्याने घेऊन कलाकार आणले, तर कार्यक्रम देखणा होईल; पण सराव घेणाऱ्या त्या बायका आणि मैदान झाडणारे ते आजोबा विकत आणता येत नाहीत.

गंमत म्हणजे ही ‘परंपरा’ अनेक वस्त्यांत अगदी अलीकडची आहे. १९३२ मध्ये तोक्योच्या मारुनोउची भागातल्या व्यावसायिकांनी हिबिया उद्यानात नवं गाणं रचून नाच भरवला. पुढच्या वर्षी त्याचंच रूप तोक्यो ओन्दो (ओन्दो म्हणजे अशा नाचाचं गाणं) या नावाने ध्वनिमुद्रिकेवर आलं आणि देशभर वेड लागलं. ज्या वस्तीला स्वतःचं लोकगीत नव्हतं, तिलाही आता तबकडी लावून फेर धरता येऊ लागला. युद्धानंतर उभ्या राहिलेल्या गृहवसाहतींत देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेली, एकमेकांना न ओळखणारी कुटुंबं राहायला आली, त्यांनीही ओळखी करून घ्यायला हाच मार्ग धरला.

तोक्योतल्या कोएन्जीची हकिकत तर मला फार आवडते. शेजारच्या आसागाया बाजारपेठेने १९५४ मध्ये तानाबाता हा ताऱ्यांचा उत्सव सुरू केला आणि गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. कोएन्जीच्या तरुण दुकानदारांनी मग १९५७ मध्ये दूर शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचा आवा ओदोरी हा ओबोनचाच, पण मिरवणुकीसारखा पुढे सरकणारा नाच आणायचं ठरवलं. त्यांना तो येत नव्हता. पहिली काही वर्षं त्यांनी जमेल तसे हातपाय हलवले. नंतर तोक्योत राहणाऱ्या तोकुशिमाच्या लोकांकडून नीट शिकले. आज ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथे सुमारे १० हजार नर्तक उतरतात आणि बघायला जवळपास १० लाख माणसं येतात.

जहाजातून गेलेला नाच

१८८५ मध्ये ‘सिटी ऑफ तोकियो’ हे जहाज नऊशेहून अधिक जपानी मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर कराराने काम करायला आलेली ही माणसं हिरोशिमा, यामागुची, फुकुशिमा, ओकिनावा अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून त्या आणि पुढच्या जहाजांतून येत राहिली, आणि प्रत्येकाने आपापल्या भागाचं गाणं बरोबर आणलं. म्हणून हवाईत आजही इवाकुनी ओन्दो आणि फुकुशिमा ओन्दो एकाच रात्री, एकाच माचाणाभोवती ऐकू येतात. जपानमध्ये ही दोन ठिकाणं शेकडो किलोमीटर दूर आहेत.

हवाईत बोनचा हंगाम जूनपासून उन्हाळाभर चालतो. देवळं आपसांत तारखा ठरवून घेतात, म्हणजे शक्यतो एकमेकांच्या आड येत नाहीत आणि हौशी लोकांना दर आठवड्याला नव्या ठिकाणी नाचता येतं. नाचाच्या आधी देवळात प्रार्थना होते. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, त्यांची ती पहिली बोन. मग बाहेर ओकिनावाचे तळलेले गोड आंदागी, ढोल आणि फेर. त्यात हवाईयन, फिलिपिनो, गोरे सगळे. त्यांच्यासाठी हा ‘परदेशी संस्कृतीचा कार्यक्रम’ राहिलेलाच नाही. तो त्यांच्या गावचा उन्हाळा आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हा नाच १९३० च्या दशकात बौद्ध देवळांमधून रुजला. मग १९४१ चं डिसेंबर उजाडलं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर बौद्ध पुरोहितांना अटक झाली, आणि १९४२ मध्ये किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलं गेलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. त्या छावण्यांतही ओबोनचा फेर धरला गेल्याचे फोटो आहेत. जपानी असणं हाच गुन्हा ठरला असताना त्या लोकांनी सगळ्यांदेखत युकाता घालून नाचावं, यातलं धैर्य आज सॅन होजेच्या ओबोन उत्सवात तेरियाकी चिकनच्या रांगेत उभं असताना कदाचित लक्षात येणार नाही. पण त्या रांगेमागे तो इतिहास आहे.

ब्राझीलला पहिलं जहाज १९०८ मध्ये गेलं. तिथली कथाही अशीच, म्हणून इथे थांबत नाही.

मग हा धर्म की संस्कृती?

आता मलेशियातल्या वादाकडे येऊ. मंत्र्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. बोन ओदोरीचं मूळ बौद्ध आहे, पितरांच्या विधीत आहे, हे आपण वर पाहिलंच. पण मुळाकडे बघून आजच्या कृतीचा अर्थ ठरवता येतो का?

त्याच नाचाची तीन रूपं बघा. हवाईतल्या देवळात नाचाआधी मृतांसाठी प्रार्थना होते, तिथे तो उघडच धार्मिक जीवनाचा भाग आहे. तोक्योतल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर पुरोहित नसतो, मंत्र नसतात. तिथे नाचणाऱ्या अनेकांच्या मनात पितरांपेक्षा शेजारी आणि थंड बिअर असते. शाह आलमच्या मैदानावर तर निरोपाचा जाळही नाही आणि आईवडिलांची कबरही नाही. हा उत्सव तिकडे १९७७ मध्ये सुरू झाला तो परदेशात वाढणाऱ्या जपानी मुलांना आपल्या देशाचा उन्हाळा कळावा म्हणून.

शिवाय बौद्धांमध्येही एकमत नाही. जोदो शिन्शू हा जपानमधल्या सर्वांत मोठ्या बौद्ध पंथांपैकी एक. अमेरिकेतली बहुतेक जुनी जपानी देवळं याच पंथाची. या पंथाच्या मते मृतात्मे ओबोनला घरी परतत नाहीत, कारण ते अमिताभाच्या कृपेने आधीच मुक्त झालेले आहेत. म्हणून त्यांच्याकडे पितरांना वाट दाखवायचा जाळ नसतो. ओबोन म्हणजे त्यांच्यासाठी कृतज्ञतेचा आणि आनंदाचा मेळावा. ज्या नाचाचा अर्थ नाचणाऱ्यांनीच इतक्या वेगवेगळ्या रीतींनी लावला आहे, तो बाहेरच्या एखाद्याने हात हलवल्याने त्याचा धर्म बदलून टाकेल, हे मला पटत नाही. मात्र यजमानांनी मूळ लपवूही नये. ‘हा पितरांच्या स्मरणातून आलेला नाच आहे, तुम्ही पाहुणे म्हणून या’ असं स्पष्ट सांगितलं, की ज्याला यायचं तो येतो आणि ज्याची श्रद्धा आड येते तो मानाने बाजूला राहतो.

परक्यांनी नाचला तर तो खरा राहतो का?

हा आक्षेप दोन्ही बाजूंनी येतो. काही जपानी म्हणतात, परंपरा पातळ होते. काही परदेशी विचारतात, आपण युकाता घातला तर तो अपमान नाही का?

दुसऱ्या शंकेचं उत्तर सोपं आहे: सहसा नाही. जपानमधल्या बहुतेक ठिकाणी उलट युकाता नीट नेसवून द्यायला मावशी पुढे येतात. डावी बाजू उजवीवर घ्यायची, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा; उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात.

पहिली शंका जास्त गंभीर आहे. तोक्योच्या नाकानो भागात अमेरिकी रॉक बँड बॉन जोव्हीच्या गाण्यावर फेर धरतात. ब्राझीलच्या लोन्द्रिना शहरात तरुणांनी जपानी पॉप गाण्यांवर बोन ओदोरीच्या धर्तीचा नवा ‘मात्सुरी डान्स’ बसवला. जुन्या जाणत्यांना हे रुचत नसेल तर त्यांना दोष देता येणार नाही. गुजोचे दहा नाच, त्यांची प्रत्येकी वेगळी लय, लाकडी गेता चपलांचा रस्त्यावर उठणारा ताल, हे सगळं बारकाईने जपावं लागतं. आणि ते जपणारे आहेतच. युनेस्कोने नोव्हेंबर २०२२ मध्ये २४ प्रांतांतले ४१ पारंपरिक नाच ‘फूऱ्यू ओदोरी’ या नावाखाली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यात गुजोही आहे.

पण जपणं फक्त मूळ गावातच होतं असं मात्र नाही. २०११ च्या मार्चमध्ये भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीचा अपघात झाला तेव्हा फुकुशिमातलं फुताबा गाव पूर्ण रिकामं करावं लागलं. माणसं देशभर विखुरली. ज्या नाचाला मैदान, माचाण आणि शेजारी लागतात, त्याचं काय होणार? त्यांच्यातल्या काहींनी हवाईतल्या माउई बेटावर जाऊन तिथल्या ढोलवादकांना फुताबाचं बोन गीत शिकवलं. माउईच का? कारण तिथे शंभर वर्षांपूर्वी फुकुशिमातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी फुकुशिमा ओन्दो जिवंत ठेवलेला होता. यातले कितीतरी वादक जपानी बोलतही नाहीत. ‘परक्यांमुळे पातळ होतं’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर विचारात घ्यावं.

ही सरकारी प्रसिद्धी तर नाही?

थोडी आहे. जपान सरकार आपल्या संस्कृतीचा वापर प्रतिमेसाठी करतं. १९७२ मध्ये स्थापन झालेलं जपान फाउंडेशन हेच काम करतं, आणि परदेशातल्या मोठ्या उत्सवांना दूतावासांची साथ असते, मोठ्या कंपन्यांचे फलकही दिसतात. पण हा नाच सरकारने पसरवला नाही. तो मजुरांनी, पुरोहितांनी, दुकानदारांनी नेला, आणि सरकारने एकेकाळी त्यावर बंदीच घातली होती.

खरी अडचण घरातच आहे

परदेशात फेर वाढत असताना जपानमध्ये मात्र अनेक फेर आक्रसत आहेत. चोनाइकाइमध्ये तरुण येत नाहीत, माचाण उचलायला खांदे कमी पडतात, ऑगस्टचा उकाडा वयस्कांना झेपत नाही. कोविडच्या काळात बहुतेक ठिकाणी नाच बंद होता, आणि काही वस्त्यांत तो पुन्हा सुरू झालाच नाही. आवाजाच्या तक्रारीही येतात. आइची प्रांतातल्या तोकाई शहरात यावर तोडगा काढला: गाणं रेडिओ लहरींवर सोडायचं आणि नाचणाऱ्यांनी कानात यंत्र घालून ऐकायचं. मला हा तोडगा पटत नाही, कारण घरात बसलेल्याला ढोल ऐकू येतो आणि तो चपला घालून बाहेर पडतो, निम्मं आमंत्रण तर तेच. पण नाच बंद पडण्यापेक्षा हे बरं, हे आयोजकांचं म्हणणंही खोडता येत नाही.

याच वेळी जपानमधल्या परदेशी रहिवाशांची संख्या २०२४ च्या अखेरीस ३७ लाखांच्या वर गेली आहे, आणि २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत त्यांचा प्रश्न चांगलाच गाजला. भाषा येत नाही, कचऱ्याचे नियम कळत नाहीत, अशा तक्रारी होतात. तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी कुटुंबंही आहेत. त्यांच्या इमारतीतही ती सूचनांची फाइल येते. ती वाचता आली नाही तरी जुलै-ऑगस्टमध्ये माचाण उभारायला दोन हात घेऊन गेलं, तर ओळखीला भाषेची फारशी गरज लागत नाही. आयोजकांना माणसं हवी आहेत, नव्या रहिवाशांना शेजार हवा आहे. दोघांची गरज इतकी जुळते, की अजून जास्त ठिकाणी हे का होत नाही असं वाटतं. बऱ्याचदा कारण साधं असतं: आमंत्रणाचा कागद फक्त जपानीत छापलेला असतो.

फेरात उतरायचं असेल तर

तिकीट नसतं, नाव नोंदवावं लागत नाही. युकाता सक्तीचा नाही, पण पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट हवेत. आधी बाहेर उभं राहून एक आवर्तन बघा, मग सर्वांत बाहेरच्या फेरात शिरा आणि आतल्या फेरातल्या सारख्या युकात्यातल्या बायकांकडे नजर ठेवा; त्यांचंच बरोबर असतं. फेर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने जा, फोटो काढायला मधेच थांबू नका, त्याने मागची रांग मोडते. नाच संपल्यावर कंदील उतरवायला मदत करायची असेल तर विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत.

तोक्योत जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत शनिवार-रविवारी कुठे ना कुठे फेर असतोच. स्टेशनवरच्या आणि बाजारपेठेतल्या भिंतपत्रकांवर तारखा मिळतात. गुजोला जायचं असेल तर १३ ते १६ ऑगस्टच्या रात्री निवडा, तेव्हा नाच पहाटेपर्यंत चालतो आणि गावाबाहेरच्यांनाही तितकंच मोकळेपणाने सामावून घेतात. राहायची जागा मात्र काही महिने आधीच बघून ठेवा.